सात आठे छप्पन्न आणि पाच

उत्तमकाकांचा फोन आला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मी नुकताच डबा उघडला होता. मी फोन उचलला तोच वैतागून. माझा एक दुर्गुण आधीच सांगून टाकते. माझ्या प्रोग्रॅममध्ये काही चुकलं असेल असं कुणी नुसतं सुचवलं, तरी माझं डोकं फिरतं. चूक नसेल तर फिरतंच, आणि असेल तर जरा जास्त फिरतं.

"मॅडम, दोन नंबरचा रिअ‍ॅक्टर तापत नाय," काका म्हणाले. "स्क्रीनवर सेटिंग शून्य सात पाच दाखवतंय, म्हणजे पंच्याहत्तर. आणि तापमान एकसष्टवर बसलंय. सव्वा तास झाला."

उत्तमकाका डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. खडवलीहून येतात, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. मी समीक्षा, ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या फर्ममध्ये कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. त्यांच्या रिअ‍ॅक्टरचं तापमान सांभाळणारा प्रोग्रॅम माझाच. कुठला माल किती अंशांवर शिजवायचा ते एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. प्रोग्रॅम ती फाइल वाचतो, तापमान कमी असलं तर वाफ सोडतो, जास्त झालं तर गार पाणी. घरी गॅसची ज्योत लहानमोठी करतो तेवढंच काम, फक्त भांडं दोन मजली.

"वाफ चालू आहे ना?" मी विचारलं.

"तेच तर. प्रोग्रॅम वाफ सोडतच नाय. पंच्याहत्तर झाल्यासारखा गप बसलाय. आमच्या रवींद्र फिटरला वाफेची लाइन बघायला लावली, ती ठीक हाय. मॅडम, फीड चालू हाय. बंद करू काय?"

फीड म्हणजे आतल्या मालावर बारीक धारेने पडत राहणारं दुसरं केमिकल. काकांनी फीडबद्दल विचारलं यात काही विशेष आहे हे मला त्या वेळी कळलं नाही. मला केमिस्ट्री येत नाही. बारावीला पासिंगपुरते मार्क होते आणि त्याचा मला कधी पस्तावा झाला नव्हता.

"थांबा, मी बघते आधी. पाच मिनिटं द्या."

डबा बाजूला सारला, लॅपटॉप ओढला आणि ठाण्यातून डोंबिवलीच्या मशीनमध्ये शिरले. फाइलमध्ये ०७५ लिहिलेलं होतं, अगदी व्यवस्थित. मग प्रोग्रॅमने ते वाचून स्वतःपाशी काय धरून ठेवलंय ते उघडून बघितलं. तिथे एकसष्ट होतं.

मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. एकसष्टच.

आता त्या पुढच्या शून्याबद्दल सांगायला हवं. काकांच्या प्लांटमध्ये तीस वर्षं जुनं पॅनेल होतं. त्यावर तापमान लावायला दाते असलेली तीन छोटी चाकं होती, प्रत्येकावर शून्य ते नऊ, आणि लावलेला आकडा छोट्या खिडकीतून दिसायचा. अंगठ्याने चाक फिरवायचं. तीन चाकं म्हटल्यावर तीन आकडे आलेच. एकही खिडकी रिकामी ठेवता येत नसे. त्यामुळे तिथला प्रत्येक माणूस पंच्याहत्तर म्हणायचा नाही, शून्य सात पाच म्हणायचा. रजिस्टरमध्ये तसंच, फळ्यावर तसंच. कुणी नवखा नुसतं ७५ लिहून गेला तर काका त्याला परत बोलवून पुढे शून्य लिहायला लावायचे, कारण पहिली खिडकी न बघता चाकं फिरवल्यामुळे एकदा कुणीतरी एकशे पंच्याहत्तर लावून ठेवलं होतं. नवा प्रोग्रॅम बसवताना काकांनी त्यांची वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "जसं हाय तसं उतरवा, मॅडम. पोरांची सवय नका मोडू." मी हसले होते. म्हटलं, लावा हवी तेवढी शून्यं, पुढच्या शून्याने काय बिघडतंय. तपासायचं मला सुचलंही नाही. शून्याला किंमत नसते हे मला पहिलीत शिकवलं होतं आणि ते मी सोळा वर्षं शिकून, सहा वर्षं नोकरी करून तसंच धरून ठेवलं होतं.

आणि आता समोर एकसष्ट. मी कागदाच्या कोपऱ्यावर सात आणि पाच लिहिले आणि बघत राहिले. मग कॉलेजातला पहिल्या वर्षाचा पेपर आठवला. या आकड्यांचं दशमानात रूपांतर करा, दोन मार्क. तोंडातल्या तोंडात पाढा म्हटला. सात आठे छप्पन्न, आणि पाच, एकसष्ट.

मी फाइलमधल्या त्या पुढच्या शून्यावर बोट ठेवलं.

संगणकाच्या दुनियेत मोजायची एक जुनी पद्धत आहे, आठाची. आपण दहा झाले की हातचा घेतो, तिथे आठ झाले की घेतात. एककाच्या डावीकडचं घर दहाचं नसतं, आठाचं असतं. तिथे सात-पाच म्हणजे सात वेळा आठ आणि वर पाच. हा आकडा आठाच्या पद्धतीतला आहे हे मशीनला कळावं म्हणून पुढे काय लावायची रीत होती? शून्य. फाइल वाचण्यासाठी मी प्रोग्रॅमचा जो तयार तुकडा वापरला होता तो ही रीत इमानेइतबारे पाळत होता. स्क्रीनवर मात्र फाइलमधली अक्षरं जशीच्या तशी उमटत होती, म्हणून काकांना ०७५ दिसत होतं.

मग प्रोग्रॅम बसवल्यापासूनच्या सहा महिन्यांत हे कुणालाच कसं दिसलं नाही? तेही त्याच क्षणी लक्षात आलं. आम्ही चाचणी घेतली ती ०८०, ०८५, ०९० आणि ०६८ या आकड्यांवर, आणि प्लांटचा नेहमीचा माल याच आकड्यांवर चालतो. आठाच्या पद्धतीत आठ आणि नऊ हे अंक नसतातच. तसला अंक दिसला की तो तुकडा मुकाट्याने साध्या पद्धतीने वाचायचा. आज पहिल्यांदाच एक नवीन माल लागला होता, ज्याच्या आकड्यात ना आठ होता ना नऊ.

मी सलिलला हाक मारली. सलिल माझा बॉस. फर्म त्याचीच, आम्ही सगळे मिळून नऊ जण. माणूस वाईट नाही. माझी आई आजारी होती तेव्हा त्याने मला दीड महिना वर्तकनगरला घरून काम करू दिलं होतं. तो माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने एकदाच विचारलं, "म्हणजे काय झालंय? चौदा डिग्री कमी तापलंय, एवढंच ना?"

"एवढंच."

"जास्त तर नाही ना तापलं. मग शून्य काढ आणि गप बस. पुढच्या आठवड्यात हँडओव्हर आहे, काम ताब्यात घेतल्याची त्यांची सही, समीक्षा. आपल्याला साधं शून्य वाचता येत नाही हे त्यांना आत्ता कशाला सांगतेस? नंतर सगळ्या फाइली साफ कर."

मी त्याला विरोध केला असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी सांगितलं म्हणून मी केलं असं म्हणायची सोय झाली. मी ते शून्य काढलं आणि फाइल सेव्ह केली. मग काकांना फोन लावला.

"काका, तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल अडकला होता. मी इथून रीसेट केलंय. आता आकडा वाढताना दिसेल."

"म्हणजे आत पंच्याहत्तर होतं? नुसतं दाखवत नव्हता?"

तो प्रश्न त्यांनी नीट, सावकाश विचारला होता. उत्तर द्यायला मला एक क्षणसुद्धा लागला नाही.

"हो."

"मग आता वाफ कशाला उघडली त्यानं?"

"रीसेटनंतर थोडा वेळ उघडतो. बंद होईल आपोआप."

"बरं. मग फीड चालू ठेवतो," काका म्हणाले. "तुम्ही होतात म्हणून बरं, मॅडम. मी उगाच घाबरलेलो."

मी डबा पुन्हा उघडला. स्क्रीनवर त्रेसष्ट झालं, सहासष्ट झालं. सलिल माझ्या पाठीवर थाप मारून त्याच्या जागेवर गेला. एकाहत्तर. भेंडीची भाजी गार झाली होती, पण मी खाल्ली. दोन वाजून बेचाळीस मिनिटांनी पंच्याहत्तर झालं, वाफ बंद झाली, आणि मला स्वतःचं कौतुकच वाटलं. ते मला आज आठवलं की लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

मग सत्त्याहत्तर झालं.

प्रोग्रॅमने गार पाणी उघडलं, जसं उघडायला हवं होतं तसंच. मी घास हातात धरून थांबले. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. पाणी पूर्ण उघडलेलं, वाफ पूर्ण बंद आणि आकडा चढतोय. पहिल्यांदा मिनिटाला एक अंश चढत होता. मग मिनिटाला दोन. त्या रिअ‍ॅक्टरला कुणीही तापवत नव्हतं, तरी तो तापत होता. मला केमिस्ट्री येत नसली तरी एवढं कळत होतं की आता हे माझ्या प्रोग्रॅमच्या हातात राहिलेलं नाही.

फोन वाजला. या वेळी काकांचा आवाज वेगळा होता, मागे मोटारींची घरघर होती.

"मॅडम, त्र्याऐंशी झालं. एक गोष्ट विचारतो, खरं सांगा. मघाशी सव्वा तास एकसष्ट होतं ते खोटं होतं की खरं?"

मी हातातला घास डब्यात ठेवला.

"कसंय, खोटं होतं तर आता हेसुद्धा खोटं हाय. सेन्सरच बाद झालाय. मग मी बॅच चालू ठेवतो. पण खरं होतं तर माझ्याकडे बोलायला टाइम नाय. तेव्हा सांगा."

सलिल केव्हा समोर येऊन उभा राहिला मला कळलं नाही. फोन स्पीकरवर नव्हता, पण माझ्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं असणार. त्याने मान हलवली, नाही म्हणून. मग ओठांनी नुसतं म्हणाला, सेन्सर म्हण. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याला काय दिसत होतं ते मला माहीत होतं, कारण मलाही तेच दिसत होतं: सही, फर्म, नऊ जणांची नोकरी आणि माझं नाव.

"खरं होतं," मी म्हटलं. "काका, एकसष्ट खरं होतं. सेन्सर चांगला आहे. माझ्या प्रोग्रॅमने पंच्याहत्तरचं एकसष्ट वाचलं आणि मी ते मघाशी लपवलं. मी खोटं बोलले."

पलीकडे एक श्वास ऐकू आला.

"म्हणजे सगळं फीड कच्चंच पडलंय आत," ते म्हणाले. "गार होतं म्हणून रिअ‍ॅक्शन लागलीच नाय. आता सगळी एकदम लागतेय, त्याचीच उष्णता चढतेय." आणि मग, माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं, "रवींद्र वर हाय."

"वर कुठे?"

"रिअ‍ॅक्टरवर. तुम्ही सेन्सर म्हणालात ना. म्हटलं, एकदा अडकलेला सेन्सर परत अडकणार. बदलायला पाठवलाय त्याला."

फोन त्यांनी बंद केला नाही, खिशात टाकला असावा. मला पावलं ऐकू आली, लोखंडी जिन्यावर धावणारी, आणि छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या माणसाचा धाप लागलेला आवाज. "रवींद्र, उतर. सोड ते. पाना टाक आणि उतर खाली." मग भोंगा सुरू झाला. त्या भोंग्यात बाकी काही ऐकू येईना.

माझ्यासमोर फक्त आकडा होता. सत्त्याऐंशी. फीड बंद झाल्याचं दिसलं, म्हणजे कुणीतरी ते बंद केलं होतं. नव्वद. वर एक मोठी टाकी असते, गार पाण्याने कायम भरलेली, काही बिनसलं तर सगळं पाणी एकदम रिअ‍ॅक्टरमध्ये सोडायला. तिचं चाक हाताने फिरवावं लागतं आणि ते वरच्या मजल्यावर असतं. प्लांट दाखवताना काकांनी मला ते अभिमानाने दाखवलं होतं. म्हणाले होते, हे कम्प्युटरला जोडायचं नाय, हे माणसाकडेच राहू द्या. चौऱ्याण्णव. मी माझ्या खुर्चीत बसून होते, ठाण्यात, वातानुकूलित खोलीत, आणि माझ्या चुकीवर उभी असलेली दोन माणसं तिथे पळत होती. शंभर. एकशे तीन. मी काहीतरी पुटपुटत होते, सलिल नंतर म्हणाला की मी नुसते आकडे म्हणत होते.

एकशे सहावर आकडा थांबला. एकशे सहा. एकशे सहा. मग एकशे दोन झालं, मग ब्याण्णव, आणि मग आकडा भराभर उतरू लागला. भोंगा चालूच होता. मी फोन कानाला लावून "काका, काका" म्हणत राहिले. नंतर कॉल तुटला.

सलिल म्हणाला, "बस, पाणी पी." मी पर्स उचलली आणि निघाले. खाली रिक्षा मिळाली, तो डोंबिवलीला यायला तयार नव्हता, मी काय बोलले माहीत नाही पण तयार झाला. शीळफाट्याला अर्धा तास गाडी हलली नाही. तिथे अडकलेली असताना काकांच्या नंबरवरून दुसऱ्याच कुणाचा तरी फोन आला. काकांनी वरच्या टाकीचं पाणी सोडलं, बॅच पाण्यात गेली, प्लांट शाबूत आहे, काकांना काही झालेलं नाही. रवींद्र जिन्याशी पोहोचला तोच झाकणाच्या कडेने वाफ सुटली. उजवा हात आणि मान भाजली आहे. त्याने हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मी रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरसा वळवून घेतला, तेवढं त्याने चांगलं केलं.

मग सलिलचा मेसेज आला. त्यांच्या मॅनेजरशी बोललो. सध्या सेन्सर फेल्युअर असंच लिहिताहेत. रिपोर्टचं मी बघतो, तू कुणाशी काही बोलू नकोस. मी तो दोनदा वाचला आणि उत्तर दिलं नाही.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर बाकड्यावर उत्तमकाका बसले होते. कंपनीचा निळा शर्ट ओला होता, एका बाहीवर पिवळट डाग. मी समोर जाऊन उभी राहिले. पायाशी वाकावं की लांब राहावं कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकून जागा केली. मी बसले.

"डॉक्टर म्हणतात हात वाचेल," ते म्हणाले. "बोटं वळतील का ते महिन्याभरानं कळेल."

"काका, मी..."

"चूक झाली ते मी समजू शकतो, मॅडम. माझ्याकडनंबी झालेल्या हायत." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "पण मी विचारलेलं. दोनदा विचारलेलं. सरळ विचारलेलं."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात समोरच्या दारातून एक बाई बाहेर आली. माझ्याच वयाची, साडीचा पदर खोचलेला, हातात औषधांची चिठ्ठी. काका उठले. "रुपाली, या ठाण्याच्या मॅडम," एवढंच म्हणाले. ही रवींद्रची बायको. ती माझ्याकडे आली आणि तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात गार होते.

"काकांनी सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर वेळेवर सांगितलंत म्हणून हे वरून उतरले. अजून दोन मिनिटं वर असते तर... मी कसे उपकार फेडू, ताई? मुलगी चार वर्षांची आहे आमची."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली नाही. त्यांनी तिला खोटं काही सांगितलं नव्हतं, जेवढं खरं होतं त्यातलं निम्मं सांगितलं होतं, आणि उरलेलं निम्मं ते आता सांगणार नव्हते हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. खिशात फोन होता, त्यात सलिलचा मेसेज होता. मी फक्त मान हलवली असती तरी पुरलं असतं. त्या बाईने मला आयुष्यभर देवासारखं मानलं असतं.

"ताई," मी म्हटलं, "ते वर गेले तेच माझ्यामुळे. सेन्सर खराब आहे असं मी सांगितलं. तो खराब नव्हता. माझी चूक झाकायला मी खोटं बोलले, म्हणून काकांनी त्यांना वर पाठवलं."

तिला ते कळायला जरा वेळ लागला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग काकांकडे, मग परत माझ्याकडे. काकांनी मान खाली घातली. मग तिने माझा हात सोडला, आपले दोन्ही हात पदराला पुसले आणि औषधं आणायला जिना उतरून गेली.